दोन एकर वीस गुंठे आणि कोबोलचा रकाना

जालना जिल्ह्यात सातबारा हेक्टर-आरमध्ये निघत असला तरी माणसांच्या तोंडी अजून एकर आणि गुंठाच आहे. बदनापूर किंवा घनसावंगीकडचा शेतकरी “दोन एकर वीस गुंठे” म्हणतो, कुणीतरी ते कागदावर २.२० असे टिपून घेतो आणि संगणकापुढचा मुलगा तोच आकडा रकान्यात भरतो. एकराचे गुंठे चाळीस. म्हणजे हे रान अडीच एकर, पुरते शंभर गुंठे, हेक्टरात सांगायचे तर एक हेक्टर एक आर. संगणकाने २.२० हा दशांश समजून त्याचे हेक्टर केले तर मात्र भरतात एकोणनव्वद आर. बारा आर जमीन हिशेबातून गेली. यात कुणी खोटे बोलले नाही, कुणाची बेरीजही चुकली नाही. लिहिलेल्या मजकुराची संख्या करताना मधल्या टिंबाचा अर्थ बदलला, एवढेच घडले.

असा बदल केवळ जमिनीच्या मापात होत नाही. खाते क्रमांक, आधार, पिन कोड, कर्जाची बाकी, कापसाचे वजन, व्याज, जन्मतारीख हे सगळे आपण अंकांतच लिहितो, पण अंकांत लिहिलेली प्रत्येक गोष्ट संख्या नसते. जिची बेरीज, वजाबाकी, सरासरी काढण्यात काही अर्थ असतो ती संख्या. जिने फक्त ओळख पटते ते नाव, मग ते अंकांत का लिहिलेले असेना. हा फरक यंत्राला आपसूक कळत नाही. तो आधी सांगावा लागतो, आणि एकातून दुसऱ्यात जायचे तर कसे जायचे तेही सांगावे लागते. पैशाच्या हिशेबापुरते बोलायचे तर हा प्रश्न सहा दशकांहून अधिक काळ कोबोल या भाषेने हाताळला आहे. तिच्या चांगल्या सवयी आणि तिचे धोके दोन्ही इतके ओळखीचे झाले आहेत की प्रश्नाचा आढावा तिच्याच आधाराने घेणे सोयीचे आहे.

कोबोल जुनी झाली, तिचा जालन्याशी काय संबंध, असे कुणालाही वाटेल. संबंध आहे, आणि तो थेट बँकेच्या खिडकीपर्यंत पोचतो. निजामाच्या राजवटीत १९४१ साली स्थापन झालेली हैदराबाद स्टेट बँक पुढे स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि मराठवाड्याच्या गावोगावी तिच्या शाखा उघडल्या. भारतीय स्टेट बँकेने २००२ साली मध्यवर्ती बँकिंग प्रणालीचे काम टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसकडे (टीसीएस) दिले. त्यासाठी निवडलेली बॅन्क्स ही प्रणाली ऑस्ट्रेलियातल्या फायनान्शियल नेटवर्क सर्व्हिसेस या कंपनीची होती. ती कंपनीच टीसीएसने २००५ मध्ये विकत घेतली. या प्रणालीचा गाभा कोबोलमध्ये लिहिलेला आहे. हैदराबाद बँकेसह स्टेट बँकेच्या सहयोगी बँकाही तिच्यावरच आल्या, आणि १ एप्रिल २०१७ रोजी हैदराबाद बँक स्टेट बँकेत विलीन झाली. तेव्हा परतूर किंवा भोकरदनच्या शेतकऱ्याने स्टेट बँकेच्या शाखेत पैसे भरले की त्या रकमेचा आकडा कुठे ना कुठे कोबोलच्या रकान्यातून जातो.

मुंबईचे या भाषेशी नाते त्याहून जुने आहे. टीसीएसने १९७४ साली परदेशासाठी केलेले पहिले सॉफ्टवेअरचे काम नेमके रूपांतराचे होते. रुग्णालयाच्या व्यवस्थापनाची एक प्रणाली बरोज कंपनीच्या मध्यम आकाराच्या संगणकांच्या कोबोलमधून त्याच कंपनीच्या लहान संगणकांच्या कोबोलमध्ये आणायची होती, आणि ते काम मुंबईत आयसीएल १९०३ या तिसऱ्याच यंत्रावर बसून झाले. एकच भाषा, एकच कंपनी, तरीही रूपांतर लागले, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. आकडा यंत्राच्या पोटात कसा साठवला आहे हे यंत्रागणिक बदलते, आणि भाषा सारखी असल्याने ते आपोआप जुळत नाही. पुढे २००० सालाच्या तोंडावर मुंबई-पुण्यात शेकडो मराठी मुलामुलींनी हेच काम मोठ्या प्रमाणावर केले. वर्षासाठी दोनच अंक ठेवलेले रकाने शोधायचे, ९९ नंतर येणारा ०० हा लहान नसून मोठा आहे हे कार्यक्रमाला शिकवायचे. तोही अंक आणि अर्थ यांच्यातल्या फारकतीचाच प्रश्न होता.

कोबोलची रचना १९५९ साली अमेरिकेत ठरली. सरकार, संगणक बनवणाऱ्या कंपन्या आणि ते वापरणारे यांची कोडासिल ही समिती त्यामागे होती, आणि ग्रेस हॉपर यांच्या फ्लो-मॅटिक या आधीच्या भाषेचा तिच्यावर मोठा प्रभाव होता. या भाषेत हिशेबाला हात घालण्याआधी प्रत्येक रकान्याचे चित्र काढावे लागते. त्या कलमाचे नावच पिक्चर. पिक्चर एक्स(५) म्हणजे पाच जागा, त्यांत काहीही चालेल. पिक्चर ९(५) म्हणजे पाच जागा, फक्त अंक. मध्ये व्ही घातला तर दशांशाचे टिंब तिथे आहे असे समजायचे, पण टिंब प्रत्यक्ष साठवायचे नाही. पिक्चर ९(५)व्ही९९ मध्ये पाच अंक रुपयांचे आणि दोन पैशांचे. रेकॉर्डमध्ये ०१२५०७५ असे सात अंक दिसतील आणि कार्यक्रम ते १,२५० रुपये ७५ पैसे असे वाचील. टिंब कागदावर नसते, ते करारात असते. म्हणून हा करार न वाचता कुणी ती फाइल दुसऱ्या प्रणालीत ओतली की सव्वा लाख रुपये होतात.

एका रकान्यातून दुसऱ्यात न्यायचे तर मूव्ह म्हणायचे. ही आज्ञा दिसायला साधी आहे, पण ती काय करील हे दोन्ही टोकांच्या पिक्चरवर ठरते. मजकूर मजकुरात जातो तेव्हा तो डावीकडून भरत जातो, उरलेल्या जागा मोकळ्या राहतात आणि जास्त झालेली अक्षरे उजवीकडून कापली जातात. संख्या संख्येत जाते तेव्हा टिंबाला टिंब जुळवले जाते, रिकाम्या जागी शून्ये येतात आणि जास्तीचे अंक डावीकडून कापले जातात. १,२३,४५६ रुपयांची बाकी पाच अंकांच्या रकान्यात मूव्ह केली तर उरतात २३,४५६. लाखाचा अंक गेला, आणि मूव्ह कुणाला काही सांगत नाही. बेरीज-गुणाकाराच्या आज्ञांना “मावले नाही तर असे कर” ही पुरवणी जोडता येते, मूव्हला ती सोय नाही. शिकवणाऱ्यांनी हा मुद्दा पहिल्याच आठवड्यात फळ्यावर लिहावा इतका तो मोठा आहे. गणितावर पहारा आहे, वाहतुकीवर नाही.

खरी अडचण मजकुरातून संख्येकडे जाताना येते. पाच जागांच्या मजकुराच्या रकान्यात १२३ लिहिले की ते डावीकडे बसते आणि पुढे दोन जागा मोकळ्या राहतात. तो रकाना पाच अंकी संख्येत मूव्ह केला तर काय व्हावे? भाषेचे मानक म्हणते, मजकूर हा पूर्णांक समजावा. पण मोकळी जागा हा अंक नाही, म्हणून पुढचे ज्याच्या त्याच्या कंपायलरवर, म्हणजे कार्यक्रम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या साधनावर. मेनफ्रेम या मोठ्या संगणकांच्या इबसिडिक अक्षरसंकेतात आणि आपल्या नेहमीच्या आस्कीतही मोकळ्या जागेच्या बाइटचा उजवा अर्धा शून्यच असतो. त्यामुळे जिथे बाइटचा तेवढाच अर्धा उचलला जातो तिथे १२३चे १२,३०० होतात. मोफत मिळणाऱ्या ग्नू-कोबोलसारखा कंपायलर मोकळी जागा ओलांडून ००१२३ देतो. एकच कार्यक्रम, एकच फाइल, दोन यंत्रांवर दोन रकमा. आणि दोन्ही रकमा दिसायला चोख.

वजा चिन्हाची गोष्ट वेगळीच आहे. चिन्हासाठी वेगळी जागा न देता ते शेवटच्या अंकावरच चढवण्याची पद्धत पंचकार्डांच्या काळापासून चालत आली आहे. मेनफ्रेमवर वजा १२३ हे मजकूर म्हणून उघडले तर १२ आणि पुढे इंग्रजी एल अक्षर दिसते, अधिक १२३ असेल तर सी. पहिल्यांदा पाहणाऱ्याला फाइल बिघडली असे वाटते आणि तो ते अक्षर हाताने “दुरुस्त” करतो. त्या दुरुस्तीत खातेदाराचे येणे आणि देणे यांची अदलाबदल होऊ शकते.

कॉम्प-थ्री नावाच्या दाबून भरलेल्या साठवणीत एका बाइटमध्ये दोन अंक बसतात आणि शेवटचा अर्धा बाइट चिन्हाचा असतो. पैशासाठी ही साठवण उत्तम. दहा पैसे म्हणजे नेमके दहा पैसे. द्विमान अपूर्णांकात ०.१ नेमका मांडता येत नाही, आणि लाखो खात्यांच्या व्याजात ती तूट साचत जाते. पण कॉम्प-थ्रीच्या रकान्यात चुकून मोकळ्या जागा शिरल्या आणि त्यावर हिशेब सुरू झाला की मेनफ्रेम काम थांबवतो. त्या थांबण्याचा संकेत एस-झिरो-सी-सेव्हन. मुंबई-पुण्याच्या कंपन्यांत रात्रपाळी केलेल्या कुणालाही “सॉक सेव्हन” म्हटले की पुढचे सांगावे लागत नाही. लोक त्याला वैतागतात. मला मात्र या सगळ्या प्रकारांत तोच सर्वांत प्रामाणिक वाटतो. चुकीचा आकडा पुढे जाऊ देण्याऐवजी काम तिथेच अडते, आणि सकाळच्या आत कुणाला तरी मूळ रेकॉर्ड उघडून पाहावे लागते.

भाषेने या अडचणींवर उपायही दिले. मजकुराच्या रकान्याला “तू अंकांचाच आहेस का” हे विचारण्याची सोय पूर्वीपासून आहे. सर्व जागा शून्य ते नऊने भरलेल्या असतील तरच उत्तर होकारार्थी येते, टिंब, मोकळी जागा, वजा चिन्ह काहीही चालत नाही. कोबोल-८५च्या मानकाला १९८९ साली जोडलेल्या पुरवणीत न्यूमव्हल आणि न्यूमव्हल-सी ही फंक्शने आली. पहिले मोकळ्या जागा, चिन्ह आणि टिंब समजून घेते, दुसरे चलनाचे चिन्ह आणि स्वल्पविरामही. पण त्यांना दिलेला मजकूर मुळात आकडाच नसेल तर काय उत्तर येईल याची हमी नाही, म्हणून नंतरच्या मानकात आधी तपासणारे टेस्ट-न्यूमव्हल आले. मजकूर बरोबर असेल तर ते शून्य देते, नसेल तर पहिली चूक कितव्या जागी आहे ते सांगते. तपासल्याशिवाय रूपांतर नाही, हा नियम पाळणारा कार्यक्रम थोडा लांबतो, पण त्याने नाकारलेली ओळ माणसापुढे येते.

संख्येतून मजकुराकडे जाण्यात कोबोलइतकी सुरेख सोय मी दुसऱ्या कुठल्या भाषेत पाहिलेली नाही. छापण्यासाठीच्या रकान्याचे चित्र काढताना स्वल्पविराम हवा तिथे मांडता येतो. अमेरिकेत तो दर तीन अंकांनी मांडतात. आपण हजारानंतर दर दोन अंकांनी मांडला की लाख आणि कोटी जसेच्या तसे उमटतात, १२,३४,५६,७८९.०० असे. भाषेत भारतासाठी काही वेगळे केलेले नाही. चित्र ज्याचे त्याने काढायचे, हे मूळ तत्त्वच इतके मोकळे आहे की आपली लेखनपद्धत त्यात सहज बसते. बऱ्याच नव्या भाषांमध्ये याच कामासाठी तयार कोडच्या वेगळ्या लायब्रऱ्या जोडाव्या लागतात. कोबोल-८५पासून असा सजवलेला आकडा उलट मूव्ह करून पुन्हा शुद्ध संख्याही करता येतो.

आता ओळखीच्या क्रमांकांकडे. जालन्याचा पिन कोड ४३१२०३. पिन कोडची पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने आखली आणि ती १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाली. तिच्यात पहिला अंक विभागाचा आणि तो कधी शून्य नसतो, म्हणून पिन कोड कुणी संख्या म्हणून साठवला तरी सहसा निभावते. आधार क्रमांकही शून्य किंवा एकने सुरू होत नाही. पण जालन्याचा दूरध्वनी संकेतांक ०२४८२ संख्येच्या रकान्यात घातला की पहिले शून्य गळते. जनगणनेतला जम्मू-काश्मीरचा ०१ हा संकेत १ होतो, आणि महाराष्ट्राचा २७ मात्र शाबूत राहतो. त्यामुळे महाराष्ट्रात तपासून पाहिलेला कार्यक्रम तिकडे चुकतो. आयएफएससीच्या अकरा जागांत पाचवी जागा नेहमी शून्याची. ती अक्षर समजून इंग्रजी ओ टाइप केला तर डोळ्याला फरक दिसत नाही, पण पैसे अडकतात. स्टेट बँकेचा अकरा अंकी खाते क्रमांक विवरणपत्रात पुढे सहा शून्ये लावून सतरा अंकी छापलेला दिसतो. शेतकरी विचारतो, माझा खरा क्रमांक कोणता? दोन्ही. पहिला माणसांसाठी, दुसरा ठरावीक रुंदीच्या रकान्यासाठी.

माझे ठाम मत आहे की असले सगळे क्रमांक मजकूर म्हणूनच साठवावेत, रकाना फक्त अंकांचा असला तरी. आधारचा बारावा अंक व्हरहॉफ पद्धतीने काढलेला तपासणीचा अंक आहे. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर तो चूक पकडतो. पण अंकांची जागा पक्की राहिली तरच तो उपयोगी, आणि संख्या करून पुन्हा मजकूर करण्याच्या फेऱ्यात नेमकी जागाच हलते.

आजची सर्वांत मोठी गळती कोबोलमध्ये होत नाही, ती मधल्या स्प्रेडशीटमध्ये होते. तलाठी कार्यालयातून निघालेली यादी, आपले सरकार सेवा केंद्रातला अर्ज, बँकेकडून आलेली माहिती हे सारे कुठे तरी एक्सेलच्या तक्त्यात येते. तिथे रकान्याचे चित्र कुणी काढत नाही. टाइप केलेले काही अंकांसारखे दिसले की एक्सेल त्याला संख्या समजतो, पुढची शून्ये काढून टाकतो आणि बारा अंकी आधार २.३४ई+११ अशा आखूड रूपात दाखवतो. तोवर आधारचा मूळ आकडा आत सुरक्षित असतो. पण ती यादी सीएसव्ही म्हणून जतन केली की दिसते तेच लिहिले जाते आणि उरलेले अंक कायमचे जातात. एक्सेल पंधराच अंक नेमके धरतो, म्हणून काही बँकांच्या सोळा अंकी खाते क्रमांकांतला शेवटचा अंक शून्य होतो. मग तो क्रमांक दुसऱ्याच कुणाचा असू शकतो.

महाराष्ट्राने २०१७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना राबवली तेव्हा शेतकऱ्यांचे ऑनलाइन अर्ज आणि बँकांनी पाठवलेली माहिती यांचा मेळ घालणे हेच कर्जमाफीतले सर्वांत अवघड काम ठरले. हिरवी यादी, पिवळी यादी हे शब्द त्या वर्षी गावागावात पोचले. महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत २०२०च्या फेब्रुवारीपासून पद्धत बदलली. आधार जोडलेल्या कर्जखात्यांची माहिती बँकांकडून घ्यायची, यादी गावात लावायची, प्रत्येक नावाला विशिष्ट क्रमांक द्यायचा आणि शेतकऱ्याने स्वतः आधार प्रमाणीकरण करून रक्कम मान्य करायची. तांत्रिक भाषेत पाहिले तर हा एक मोठा बदल होता. रूपांतर झालेला आकडा ज्याचा आहे त्याला दाखवायचा आणि त्याचा होकार आल्यावरच पुढे जायचे. पीएम-किसानचे दोन हजार रुपये एखाद्याला येतात आणि त्याच्या शेजाऱ्याला येत नाहीत तेव्हा दर वेळी कारण अंकांचे नसते, पण असते तेव्हा मंठ्याच्या किंवा जाफराबादच्या माणसाला ते कळायला काही मार्ग नसतो. त्याला फक्त “माहिती जुळत नाही” एवढेच सांगितले जाते. कुठल्या रकान्यातला कितवा अंक जुळत नाही हे सांगणे यंत्राला सहज शक्य आहे, आणि ते सांगितले गेले पाहिजे.

पुन्हा जमिनीकडे येऊ, कारण रूपांतराची सर्वांत अवघड उदाहरणे तिथे आहेत. नव्या सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर अशा तीन भागांत येते, उदाहरणार्थ १.२०.५०. यात दोन टिंबे आहेत. आकडा तपासणारे कोणतेही फंक्शन ते नाकारील, आणि नाकारावेच. पण कोबोलमध्ये याची मांडणी फार चांगली करता येते. हेक्टरला चार अंक, आरला दोन, चौरस मीटरला दोन असे तीन छोटे रकाने करायचे, आणि रीडिफाइन्स या कलमाने त्याच आठ जागांना एक सलग संख्या म्हणायचे, चौथ्या अंकानंतर समजलेले टिंब ठेवून. शंभर चौरस मीटरचा आर आणि शंभर आरचा हेक्टर असल्याने ०००१२०५० हेच अंक १.२०५० हेक्टर म्हणून वाचले जातात. काही हलवले नाही, काही गुणले नाही, फक्त पाहण्याची दृष्टी बदलली. मात्र एक हेक्टर पाच आर हे कुणी १.५ लिहिले तर पंचेचाळीस आर जास्त होतात. आरचे दोन अंक सक्तीचे करणे हाच त्यावर इलाज.

गुंठ्यांना ही युक्ती लागू पडत नाही, कारण त्यांचा आधार चाळीसचा आहे. तिथे २ आणि २० वेगवेगळे घेऊन गुणाकारच करावा लागतो. असाच प्रश्न पौंड-शिलिंग-पेन्सचा होता, आणि ब्रिटनचे चलन १९७१ मध्ये दशमान होईपर्यंत आयबीएमच्या कोबोलमध्ये स्टर्लिंगसाठी खास सोय ठेवलेली होती. आपल्या रुपयावर ती वेळ आली नाही. रुपया-आणे-पै जाऊन १ एप्रिल १९५७ला नवे पैसे आले, कोबोलच्या जन्माआधी दोन वर्षे. चलन सुधारले, पण बोलण्यातले जमिनीचे माप तसेच राहिले. गट क्रमांकांचेही तेच. १२३/१/अ यात अंक, तिरकी रेघ आणि अक्षर तिन्ही आहेत. हा उघड उघड मजकूर आहे, तरी यादी लावताना १२३ आधी यावा की १४, हा गोंधळ होतोच. मजकूर म्हणून लावली तर १२३ आधी येतो, संख्या म्हणून लावली तर १४. त्यासाठी मजकूर तसाच ठेवून लावण्यापुरता अंकांचा वेगळा रकाना करावा लागतो.

आणि शेवटी अंकांच्या लिपीचा प्रश्न. मराठी माणूस १२३ देवनागरीत लिहितो, यंत्राचा अंक वेगळा. पुण्याच्या सी-डॅकच्या कामातून रुळलेल्या आणि १९९१ साली भारतीय मानक झालेल्या इस्की संकेतात देवनागरी शून्याचा बाइट षोडशमानात एफ-वन आहे. मेनफ्रेमच्या इबसिडिकमध्ये एफ-वन म्हणजे एक. म्हणून इस्कीची फाइल रूपांतर न करता तिथे वाचली तर प्रत्येक अंक एकने वाढतो. ० चा १, ७ चा ८, आणि नऊ मात्र अंकच राहत नाही. त्यातही वाईट हे की ज्या आकड्यात नऊ नाही तो “अंकांचाच आहेस का” या तपासणीतून सुखरूप पार होतो. युनिकोडमध्ये हा धोका टळला, पण यूटीएफ-८ साठवणीत देवनागरीचा एकेक अंक तीन बाइट घेतो. पाच जागांच्या एक्स रकान्यात एक अंक पुरता आणि दुसऱ्याचा तुकडा एवढेच मावते. इथे आधी रुंद अक्षरांच्या एन प्रकारच्या रकान्यात मजकूर घ्यावा, तक्त्याने देवनागरी अंकांचे यंत्राचे अंक करावेत, आणि मगच तपासावे. मराठवाड्यात तर निजामकाळातल्या उर्दू आणि मोडी कागदांवरचे आकडेही आहेत. ते माणसाने वाचूनच भरावे लागतात, आणि भरणाऱ्याने काय वाचले हे मूळ पानाच्या चित्रासोबत ठेवणे गरजेचे आहे.

व्याजाबद्दल थोडक्यात. समजा एक लाख रुपयांवर सात टक्क्यांनी रोजचे व्याज काढून पैशांपर्यंतच ठेवायचे. ते येते १९ रुपये १७.८ पैसे. कोबोल काही न सांगता उरलेला भाग टाकून देते, म्हणजे १९.१७. राउंडेड हा शब्द जोडला तर १९.१८. ३६५ दिवसांत पहिल्या रीतीने ६,९९७.०५ होतात, दुसऱ्या रीतीने ७,०००.७०. मधल्या रकान्यात चार-सहा दशांश जागा ठेवून शेवटी एकदाच पैशावर आणणे हा जुन्या मंडळींचा रिवाज आहे आणि तो बरोबर आहे.

आता अनेक बँका आणि विमा कंपन्या कोबोल सोडून जावासारख्या भाषांकडे जाण्याचा विचार करतात. अमेरिकेत न्यू जर्सीच्या गव्हर्नरांना एप्रिल २०२० मध्ये बेरोजगारी भत्त्याच्या जुन्या प्रणालीसाठी कोबोल जाणणारे स्वयंसेवक जाहीरपणे मागावे लागले, त्यानंतर ही चर्चा वाढली. भाषा बदलायला हरकत नाही. पण जुना कार्यक्रम मोकळ्या जागेचे शून्य करीत होता, डावीकडचा अंक कापीत होता, उरलेला पैसा टाकीत होता, आणि त्यातले काही वर्षानुवर्षे कुणी तरी गृहीत धरलेले आहे. नवी प्रणाली तेच करणार की नाही, हे प्रत्येक रकान्यापाशी थांबून ठरवावे लागते. त्यासाठी चाचणीच्या फाइलीत गुळगुळीत आकडे घालून भागत नाही. १.२०.५० घालावे, २.२० एकर-गुंठ्यातले घालावे, ०२४८२ घालावे, पुढे सहा शून्ये असलेला खाते क्रमांक, ओ आणि शून्याची गल्लत झालेला आयएफएससी, देवनागरीतला ९, वजा बाकीचे खाते आणि पूर्ण रिकामा रकानाही घालावा. ही सगळी उदाहरणे जालन्याच्या कुठल्याही तहसीलच्या आवारात एका सकाळी गोळा करता येतात, आणि त्यांतले प्रत्येक नव्या प्रणालीत कसे बसले हे मूळ मजकूर शेजारी ठेवून पाहता येते.